शेंदराचे थर

हिरावून नेलेले ज्याचे त्याला परत करावे, हा धर्मच आहे. मात्र मधल्या काळात वाट पाहणाराही वाढत असतो, हे परत करणाऱ्याच्या ध्यानी येतेच असे नाही.

मार्गासनीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीतल्या देवळात सावळाराम गुरव चांदीचा मुखवटा दोन्ही हातांत धरून उभा होता. शंभर वर्षांमागे एका गोऱ्या साहेबाने तो नेला होता. विलायतेतल्या संग्रहालयातून तो आज परत आला होता. नेला त्या दिवशी पूजेची पाळी सावळारामच्या पणजोबांची होती. तेव्हापासून गुरवाच्या घराला एकच बोल चिकटला : देवीचं तोंड इकणारे. आपल्या हाताने मुखवटा चढवावा आणि तो बोल पुसावा, एवढीच सत्तरीच्या सावळारामची इच्छा उरली होती.

त्याने मुखवटा देवीच्या शिळेवर टेकवला. तो बसेना. पुन्हा टेकवला, पुन्हा निसटला.

"इकायला सोपा गेला, घालायला जड जातोय व्हय रं गुरवा?" उंबऱ्याशी बसलेल्या ऐंशीच्या सोजराबाईंनी टोमणा मारला. चारजण हसले.

मुखवट्यासोबत पुण्याहून आलेली अधिकारी अश्विनी वाकून पाहू लागली.

"बाबा, मुखवटा तोच आहे. शिळेवरचा शेंदूर वाढलाय. चांगला चार बोटं थर आहे."

"मग खरवडा की," सरपंच मानसिंग म्हणाले. "उलथनं आणा कुनीतरी."

उलथने आले. सावळारामने ते शिळेच्या कडेला लावले. एक टवका निघाला आणि आत कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थरावर थर दिसले. त्याचा हात थांबला.

"काकू, तुमी तुमच्या म्हादूचा नवस कवा फेडला?"

"तापातनं उठला त्या साली. दुष्काळाचं साल." सोजराबाईंचा आवाज उतरला. "का रं?"

"त्यो शेंदूर हितंच हाय. कुठल्या थरात, म्या कसं सांगू?"

सावळारामने उलथने खाली ठेवले.

"आन् तुझ्या घराण्याचा बोल?" मानसिंगांनी हळूच विचारले.

"ऱ्हाऊ द्या. गावानं शंभर वर्सं भरवलंय आईला. जुनी चोळी आता तिला कशी व्हईल?"

मुखवटा त्याने देवीच्या पायाशी टेकवला. निघालेला टवका जागी दाबून बसवला आणि वाटीत शेंदूर घेतला. तेलासाठी त्याने मागे हात केला, तेव्हा सोजराबाई उंबऱ्यावरून उठून आल्या होत्या. आपल्या दिव्याचे तेल त्यांनी वाटीत ओतले.

"घ्या, गुरवबाबा."

सावळारामने शेंदूर कालवला आणि आणखी एक थर चढवला.

ज्यांनी परत आणले त्यांचे, आणि इतकी वर्षे ज्यांनी शिळेलाच मुख मानले त्यांचेही, ती माउली कल्याण करो.