'जुनं गलबत'ची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे. शाळेतली नव्हे, दारूच्या दुकानावरची. 'जुनं गलबत' ही अक्षरं माझ्यावर अजून वाचता येतात, पण आता मी फार थकले आहे.

बंदरात मोडीत काढलेल्या एका नावेच्या फळीतून सुताराने मला कापलं. रंगाऱ्याने माझ्यावर गलबत काढलं, पण एक शीड वाऱ्याच्या उलट फुगवलं. खलाशी ते बघून पोट धरून हसायचे. माझा मालक दुकान काढण्याआधी जहाजावर आचारी होता. तरी सगळे त्याला कप्तान म्हणत, आणि तोही ओ द्यायचा.

एकदा एका खलाशाने त्याला विचारलं, "कप्तान, जगात कुठल्याही बंदरात उतर, तिथे एखादा 'नांगर' नाहीतर 'जलपरी' असतेच. दारूच्या दुकानांना ही नावं का रे?"

"पाण्यावर असताना घर आठवतं," कप्तान म्हणाला, "आणि घरी आलं की जहाज. मग माणसाने बसावं कुठे?"

दरवर्षी वाऱ्याचे दिवस आले की कप्तानाची बायको स्टुलावर चढायची, मला पुसायची आणि दारावर मी ज्या लोखंडी आकड्याला टांगलेली होते, त्याला तेल द्यायची. तिचा हात लागला की मला बरं वाटायचं.

पुढे मोठी जहाजं दुसऱ्या बंदराला लागू लागली. गिऱ्हाईक रोडावलं. कप्तान खोकल्याने गेला. त्याच्या बायकोचे गुडघे धरले आणि स्टूल माळ्यावर गेलं. दुकान लेक-जावयाकडे आलं. जावयाने खिडकीवर झगमगती नवी पाटी लावली. मला तसंच ठेवलं, शोभेला.

आकडा गंजत गेला. झुळूक आली तरी मी करकरायची. मला दुसरी भाषा येत नव्हती.

"अहो, त्या पाटीचा आकडा एकदा बघा ना," लेक म्हणायची.

"बघतो गं उद्या. आणि तो आवाज असू दे, गिऱ्हाइकांना आवडतो. जुन्या काळात आल्यासारखं वाटतं."

तो उद्या काही उजाडला नाही. एका दुपारी कप्तानाची बायको पायरी झाडत होती. वारा सुटला, आकडा तुटला आणि मी खाली आले, थेट तिच्या खांद्यावर. मित्रांनो, ज्या हाताने मला जपलं, तोच हात माझ्याकडून मोडला.

जावई घाबरून गेला होता. घाबरलेल्या माणसाला राग लवकर येतो. सासूला दवाखान्यातून आणल्या आणल्या तो कुऱ्हाड घेऊन माझ्यावर धावला. "हिच्या ढलप्या करून चुलीत घालतो!"

गळ्यात अडकवलेला हात सांभाळत ती दारात आली. "जावईबापू, तिला कशाला तोडता? ती बिचारी वर्षभर ओरडत होती. कान आपले बंद होते."

जावयाने कुऱ्हाड खाली ठेवली. तो पायरीवर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

आता मला आतल्या भिंतीला घट्ट ठोकलं आहे. तिथे वारा येत नाही. सासूबाईंचा हात खांद्याच्या वर जात नाही, म्हणून सकाळी दुकान उघडण्याआधी लेक माझ्यासमोर बसून आईची वेणी घालते. जावई तेलाची बुधली घेऊन दारं-खिडक्या फिरतो, न करकरणाऱ्या बिजागऱ्यांनाही तेल देतो. माझ्याकडे मात्र तो अजून मान वर करून बघत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही काहीतरी कुरकुरत असेल. खिडकीची कडी असेल, नाहीतर आजीचा गुडघा. त्या आवाजाची सवय होऊ देऊ नका. हातातलं काम बाजूला ठेवा आणि आधी जाऊन बघा.