दातांना दही लावलेला टिकी

घाबरू नका, मी चावत नाही. हे दात कोरलेले आहेत, आणि डोळे वटारलेले दिसले तरी माझ्या मनात कुणाबद्दल राग नाही. मला घडवणाऱ्याचा हातच तसा पडला, त्याला मी तरी काय करणार?

मला टिकी म्हणतात. अडीच फूट उंच, जपानी देवदाराचा, नुकतंच पोटभर जेवण झाल्यासारखा पोटावर हात ठेवून उभा. माझे खरे भाऊबंद दूर पॅसिफिकमधल्या बेटांवर असतात आणि तिथं त्यांना फार मान आहे. मी मात्र नारळाचं झाडसुद्धा फक्त चित्रात पाहिलंय. माझा जन्म जपानच्या उत्तरेकडच्या सेंदाई शहरातला. हिवाळ्यात तिथं बर्फ पडतं, आणि मी आपला उघडाबंब.

कान्नो-सान नावाच्या सुतारानं मला कोरलं. मोठा भूकंप होऊन तेव्हा वर्ष झालं होतं. त्यांच्या बायकोचं कॉफीचं छोटं दुकान होतं. गिऱ्हाइकं यायची, कॉफी प्यायची आणि एक शब्द न बोलता निघून जायची. एक दिवस ती नवऱ्याला म्हणाली, "असं काहीतरी करून द्या, की आत येणारा माणूस आधी हसेल."

कान्नो-सानांनी हवाईचं एक जुनं कॅलेंडर समोर ठेवलं आणि कामाला लागले. नाक जरा जास्तच मोठं झालं. डोक्यात त्यांनी एक खोल खळगा केला, सरबताच्या नळ्या ठेवायला. मी तयार झाल्यावर बायकोनं माझ्याभोवती एक फेरी मारली. म्हणाली, "हा हसतोय की रागावलाय?"

"ते बघणाऱ्यावर आहे," कान्नो-सान म्हणाले.

मग माझ्याभोवती बांबूची चटई आली, कागदी जास्वंदी आल्या, शिंपल्यांच्या माळा आल्या. बाहेर शून्याखाली तापमान आणि आत आमचं बेट. लोक दार उघडायचे, मला बघायचे आणि खरंच हसायचे. एक आजोबा तर रोज माझ्या नाकाला बोट लावल्याशिवाय बसायचे नाहीत. माझं नाक अजून एका बाजूनं गुळगुळीत आहे, ते त्यांच्यामुळे.

पुढं कान्नो-सानांचे गुडघे थकले. दुकान बंद झालं, ती दोघं मुलीकडे राहायला गेली, आणि मी जुन्या वस्तूंच्या दुकानात गेलो. एका बाजूला भात शिजवायचे कुकर, दुसऱ्या बाजूला बर्फावर घसरायच्या फळ्या. आठ महिने मी दात काढून उभा होतो, पण कुणी ढुंकून पाहिलं नाही.

तिथं एका शनिवारी उल्हास आणि अनुराधा आले. उल्हास मूळचा पुण्याचा, भूकंपात पूल कसे हलतात याचा विद्यापीठात अभ्यास करायचा. आले होते वॉशिंग मशीन बघायला. उल्हासनं मला पाहिलं आणि तो मशीन विसरला.

"अनु, हा बघ ना. याला बघून काय मस्त वाटतंय."

"मला भीती वाटतेय," अनुराधा म्हणाली. "आणि कपडे हा धुणार आहे का?"

तरी मी घरी आलोच. सबवेत उल्हासनं मला मांडीवर घेतलं होतं. समोरची माणसं अगदी सभ्यपणे फोनमध्ये बघत होती. अनुराधा दोन सीट सोडून बसली होती, जणू आमची ओळखच नाही.

घरात उल्हासनं माझा कोपरा सजवला. चटई, पिवळ्या दिव्यांची माळ, अननसाच्या आकाराचे चार पेले. फेब्रुवारीत मित्रमंडळी आली की स्वेटर काढून माझ्याशेजारी बसायची, गरम भजी खायची आणि अननसाचं सरबत प्यायची. घरापासून इतक्या लांब, इतक्या थंडीत राहणाऱ्या माणसांना एक कोपरा असा लागतो, जिथं कुणी गंभीर नसतं. मी त्या कोपऱ्याचा मालक होतो. अनुराधा मला "तुझं ते ध्यान" म्हणायची, पण दर रविवारी माझे दात जुन्या टूथब्रशनं साफ तीच करायची.

त्यांची मुलगी ओवी माझ्यासमोर चालायला शिकली. माझ्या नाकाला धरून पहिल्यांदा उभी राहिली, म्हणून नाक मोठं असल्याचं मला तेव्हापासून वाईट वाटत नाही. ती सगळ्यांशी जपानीत बोलायची. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जपानीतून. मला ती टिकी-सान म्हणायची.

ती सहा वर्षांची झाली आणि उल्हासला तोक्योत नोकरी लागली. घर मिळालं तोक्योजवळच्या ग्योतोकुला. नवं घर लहान होतं. अनुराधानं टेप घेऊन नकाशावर एकेक वस्तू बसवून पाहिली आणि नियम केला, प्रत्येकानं आपली एक मोठी वस्तू सोडायची. तिनं स्वतः आपली कढीपत्त्याची मोठी कुंडी मैत्रिणीला देऊन टाकली. तीन हिवाळे घरात घेऊन जगवलेलं झाड होतं ते. फक्त एक छोटं रोप तिनं दह्याच्या डब्यात ठेवलं होतं, आणि तेही नेता येईल की नाही याची तिला खात्री नव्हती.

"आता तुझी पाळी," ती उल्हासला म्हणाली.

उल्हास माझ्याकडे बघायचं टाळू लागला, तेव्हाच मी काय ते समजलो.

घर आवरायला मदत म्हणून उल्हासची आई, सुमनताई, पुण्याहून आल्या होत्या. आल्या दिवशीच त्यांनी विचारलं, "हे कोण?"

"टिकी आहे, आई. तिकडच्या बेटांवर यांना पूर्वज मानतात."

"म्हणजे आपल्या देवघरातल्या टाकांसारखे," सुमनताई म्हणाल्या, आणि रोजच्या पूजेनंतर मलाही हळदकुंकू लावू लागल्या.

"आई, तो शोपीस आहे हो," अनुराधा म्हणाली.

"असेल. पण कुणाचे का होईनात, पूर्वजांना शोपीस म्हणू नये."

मला ते फार आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला वडीलधारं म्हटलं होतं. पण जायचा दिवस काही टळला नाही. जपानमध्ये मोठी वस्तू अशीच टाकता येत नाही. आधी फोन करून दिवस ठरवायचा, दुकानातून स्टिकर आणून वस्तूला चिकटवायचं आणि सकाळी साडेआठच्या आत खाली ठेवायचं. मग गाडी येते आणि वस्तूचा भुगा होतो. स्टिकर उल्हासनं माझ्या पाठीला लावलं, माझ्या तोंडाकडे न बघता. ओवी माझ्या पोटाला मिठी मारून बसली होती. तिला शाळेत पाठवताना अनुराधानं तिचे हात सोडवले. "मी माझं झाड दिलंच ना, ओवी," ती म्हणाली, आणि मला तिचा राग आला नाही.

मला खाली नेलं, आणि पाठोपाठ सुमनताई ताम्हन घेऊन आल्या.

"आई, अहो, कचरा आहे तो आता," अनुराधा हळूच म्हणाली.

"घरातलं वडीलधारं माणूस असं पाठवत नाहीत. दोन मिनिटं थांब."

त्यांनी मला ताजं हळदकुंकू लावलं. पिवळ्या शेवंतीची माळ घातली. प्रवासाला निघणाऱ्याच्या हातावर दही द्यायची पद्धत, पण माझे हात पोटाला चिकटलेले. मग त्यांनी माझ्या दातांनाच दहीसाखर लावली. शेवटी डोक्यावर अक्षता टाकल्या, मला जागचं जरासं हलवलं आणि हात जोडून म्हणाल्या, "पुनरागमनायच."

सगळे वर गेले. मी रस्त्याच्या कडेला एकटा. खरं सांगतो, तेव्हा मला भीती वाटली. लाकूड असलो म्हणून काय झालं?

गाडी आली. निळ्या कपड्यांतले दोघे उतरले. तरुणानं मला उचलायला हात घातला आणि तसाच मागं घेतला. त्यानं कुंकू पाहिलं, तांदूळ पाहिले, माळ पाहिली, दातांवरचं दही पाहिलं. त्यानं मोठ्याला बोलावलं. मोठा आला आणि टोपी काढून कमरेत वाकला. दोघे काहीतरी कुजबुजले, माझ्याशेजारी एक कागद ठेवला, त्यावर दगड ठेवला आणि गाडी निघून गेली.

थोड्या वेळानं तळमजल्यावरच्या साइतो आजी कचरा घेऊन आल्या. त्यांनी मला पाहिलं, पिशवी खाली ठेवली आणि घरात जाऊन एक संत्रं आणलं. ते माझ्यासमोर ठेवून, इथं देवळात वाजवतात तशा दोन टाळ्या वाजवल्या. त्यांचं बघून कुत्रं फिरवणाऱ्या बाईंनीही हात जोडले. दुपारपर्यंत माझ्यापुढं तीन संत्री आणि एक बिस्किटांचा पुडा जमला. आठ महिने ज्याला कुणी विचारलं नाही, तो मी.

ओवी शाळेतून आली आणि तिनं मला पाहिलं. ती जिना चढत ओरडत गेली, तेही मराठीत. "आजी, आले! टिकीआजोबा आले!"

उल्हासनं कागद वाचला. 'ही पूज्य वस्तू दिसते. कचऱ्यात नेणं आम्हाला योग्य वाटत नाही. कृपया विधिपूर्वक निरोप द्यावा.'

अनुराधानं सासूकडे पाहिलं. "आई, निघताना तुम्ही काय म्हणालात याला?"

"पुनरागमनायच. निरोप देताना तेच म्हणतात."

"परत या असं सांगितल्यावर तो कसा जाईल?" अनुराधा म्हणाली, आणि हसता हसता तिथंच पायरीवर बसली. मग तिनं पदर नसल्यानं बाहीनंच माझ्या दातांवरचं दही पुसलं. माझ्या डोक्यात डोकावली. खळग्यात हात घालून तो मोजला. वर गेली, दह्याच्या डब्यातलं कढीपत्त्याचं रोप घेऊन आली आणि डब्यासकट माझ्या डोक्यात बसवलं. तो असा बसला, जणू कान्नो-सानांनी त्याचंच माप घेतलं होतं.

"एका जागेत दोन वस्तू," ती म्हणाली. "नियम जागेसाठीच होता, तो मोडला नाही."

आता मी ग्योतोकुला असतो, बाल्कनीच्या दाराशी, उन्हात. डोक्यावर कढीपत्ता चांगला तरारलाय. इमारतीतल्या भारतीय बायका फोडणी करता करता येतात आणि म्हणतात, "टिकीआजोबांची चार पानं देता का?" अनुराधा माझी परवानगी न घेता देते.

इथं आल्यावर सामान लावून झालं आणि सुमनताईंचा पुण्याला परत जायचा दिवस आला. बॅगा दारात होत्या. ओवी स्वयंपाकघरात गेली, वाटीत दही आणि मुठीत तांदूळ घेऊन आली. आजीच्या हातावर दही ठेवलं. मग खुर्चीवर चढून तिच्या डोक्यावर तांदूळ टाकले, खांद्याला धरून तिला जागचं जरासं हलवलं, आणि हात जोडून अगदी स्पष्ट म्हणाली, "पुनरागमनायच."

उल्हास म्हणाला, "अगं, ते माणसांना नाही म्हणत."

"म्हणू दे," सुमनताई म्हणाल्या. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, त्यात दही होतं.

सुमनताई यायच्या आहेत अजून. ओवी रोज कॅलेंडर बघते आणि मला विचारते, "येईल ना?" मला मान हलवता येत नाही, म्हणून तुम्हीच तिला सांगा. मी त्याच शब्दांवर परत आलोय.