माझ्या तीन किमती

मी एक जुने लोकर पिंजण्याचे यंत्र आहे. निदान गेल्या मे महिन्यापर्यंत तरी मी एकच यंत्र होते. मग बर्गनहून एक बाई आल्या, त्यांनी मला वरपासून खालपर्यंत तपासले आणि कागदावर माझ्या नावापुढे तीन वेगवेगळ्या किमती लिहिल्या. मित्रांनो, तेव्हा मी जे गोंधळले ते अजून सावरलेले नाही. म्हटले, तुम्हालाच सगळे सांगावे. तुमची डोकी ताजी असतात.

माझा जन्म इंग्लंडातला. १९२७ साली तिथल्या एका कारखान्यात मला ओतले, ठोकले, जोडले. माझे अंग बिडाचे आहे आणि पोटात लहानमोठे अकरा रूळ. रुळांवर बारीक तारांचे दात असतात. एका बाजूने मेंढीची गुंतलेली लोकर आत घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने मऊ, पातळ पापुद्रा बाहेर सोडायचा, एवढेच माझे काम. पुढे त्या पापुद्र्याचे सूत होते. बोटीत बसून मी नॉर्वेला आले आणि हार्डांगरच्या खाडीकाठी या छोट्या गिरणीत जी उभी राहिले ती कायमचीच.

शरद ऋतू आला की गावोगावचे मेंढीवाले गोणी घेऊन यायचे. पुष्कळ वर्षे मला श्युरने चालवले. तो बोलायचा कमी आणि तेल घालायचा जास्त. लोक म्हणायचे, "श्युरचं यंत्र लोकरीला कुरवाळतं." ते ऐकून माझे पट्टे जरा जोरात फिरत. पुढे दुकानात तयार स्वेटर मिळू लागले, आणि आठवड्यातले पाच पाच दिवस मी धूळ खात बसले. मला वाटले, संपले. पण श्युरची मुलगी ओस्लाउग शाळेतली नोकरी सोडून गिरणीत आली, आणि तिने मला पुन्हा कामाला जुंपले. आता दूरदूरच्या विणकाम करणाऱ्या बाया तिच्याकडूनच सूत मागवतात.

दोन हिवाळ्यांपूर्वी श्युर गेला. इमारत गावाची, पण आम्ही यंत्रे त्याची. आमचे दोन वाटे झाले, एक ओस्लाउगचा आणि एक तिचा मोठा भाऊ तोरलाइव याचा. तोरलाइव स्ताव्हांगरला राहतो, समुद्रातल्या तेलविहिरीवर काम करतो. त्याला आपला वाटा पैशांत हवा होता, कारण लेकीला घर घ्यायला मदत करायची होती. ओस्लाउगला गिरणी चालवायची होती. बँकेने तिला सांगून ठेवले होते, भावाचा वाटा घेण्यासाठी दीड लाख क्रोनर कर्ज मिळेल, वर एकही क्रोनर नाही. म्हणजे आम्हा सगळ्या यंत्रांची किंमत तीन लाखांच्या आत बसली तर मी इथे राहणार, वर गेली तर मला विकणार. एवढे साधे गणित मलाही समजत होते.

इथली माणसे भावाबहिणीत घासाघीस करण्यापेक्षा उपाशी राहतील. तोरलाइव "कमी दे" म्हणाला असता तर ओस्लाउगने ते उपकार म्हणून धुडकावले असते. म्हणून दोघांनी लिहून दिले की यंत्रांची किंमत ठरवणारी जाणकार व्यक्ती, जी नात्यातली नाही आणि ओळखीतलीही नाही, ती सांगेल तो आकडा मान्य. त्या म्हणजे बर्गनच्या बोर्गहिल्डबाई.

आता ओस्लाउगने काय करावे? मला तसेच धुळकट, तेलकट ठेवावे की नाही? पण पाहुणा येणार आणि घर आवरलेले नाही, हे या गावात कुणाच्या हातून होणे शक्य नाही. तिने दुग्नाद बोलावला. म्हणजे सगळे गाव एक दिवस फुकट राबते आणि बदल्यात कॉफी पिते आणि वाफल ही जाळीदार गोड पोळी खाते. बोटींचा धक्का असाच रंगतो, शाळेचे कुंपण असेच होते. शनिवारी तेवीस माणसे आली. त्यांनी माझे दात विंचरले, पितळ चकचकीत केले आणि मला हिरवागार रंग फासला. शेजारच्या ओड्नीला माझ्या डाव्या चौकटीवर उंचसखल काहीतरी लागले. तिने त्यावर लांबी, म्हणजे खाचा बुजवायचा लगदा, भरून ते गुळगुळीत करून टाकले. मी नवरीसारखे सजले होते आणि मला ते फार आवडले, हे मी कबूल करते.

सोमवारी सकाळी तोरलाइव आला. दारातच थबकला.

"ओस्लाउग, हे काय केलंस?"

"बाई येणार आहेत. घाण दाखवायची त्यांना?"

"अगं, किंमत वाढली तर तुलाच भरायचीय. मला जास्त पैसे द्यायची एवढी घाई झालीय?"

ओस्लाउगच्या हातातला फडका तसाच राहिला. हे तिच्या, ओड्नीच्या, तेवीस माणसांपैकी कुणाच्याच डोक्यात आले नव्हते. आता रंग खरवडणार कसा आणि खरवडला तर गावाला तोंड कसे दाखवणार?

बोर्गहिल्डबाई दहाच्या बोटीने आल्या. त्यांनी आधी वाफलला नको म्हटले आणि मग दोन खाल्ल्या. हातात विजेरी, खिशात चिमुकली हातोडी. माझी नावाची पाटीसुद्धा रंगाखाली गेली होती. ती त्यांनी नखाने मोकळी केली.

"चालवून दाखवा," त्या म्हणाल्या.

मित्रांनो, इथे माझी खरी पंचाईत झाली. चांगले चालावे तर किंमत वाढणार, मग मला विकणार. वाईट चालावे तर इतक्या वर्षांची अब्रू जाणार. मी विचार करीतच होते, तेवढ्यात ओस्लाउगने कळ दाबली आणि माझे अंग आपोआप हलू लागले. लोकर आत गेली, पापुद्रा बाहेर आला, धुक्यासारखा. बाईंनी तो गालाला लावून पाहिला. मी इतके चांगले क्वचितच चालले असेन.

मग त्या टेबलाशी बसल्या. "मोडीत घातलं तर बावीस हजार," त्या म्हणाल्या. "इथून उचलून सावकाश विकलं तर एक लाख दहा. आहे त्याच जागेवर, चालू गिरणीत, तीन लाख चाळीस. तुमची वाटणी चालू गिरणीची आहे, म्हणजे शेवटचा आकडा धरायचा. बाकीची यंत्रं मिळून वीस हजार."

मी तीच, जागा तीच, तेल तेच. मग मी बावीस हजारांची की साडेतीन लाखांजवळची? आणि सगळ्यात मोठा आकडा ऐकून ओस्लाउगचा चेहरा पांढरा का पडावा? माझे कौतुक झाल्यावर तिला रडू येताना मी पहिल्यांदाच पाहिले. ती कप विसळायला गेली. मला माझ्याच चांगलेपणाचा राग आला.

तोरलाइव बाहेर धक्क्यावर जाऊन उभा राहिला. बऱ्याच वेळाने परत आला तो थेट अवजारांच्या फळीकडे. त्याने रंग खरवडायची पत्री उचलली आणि माझ्या डाव्या चौकटीवरची ओड्नीची लांबी खरवडू लागला. खालून लोखंडाची जुनी पट्टी निघाली, सहा बोल्टांनी बसवलेली, आणि पट्टीच्या दोन्ही टोकांनी बाहेर डोकावणारी चीर.

"हे लिहा," तो बाईंना म्हणाला.

ओस्लाउग धावत आली. "ते काही लिहू नका. बाबांनी बसवलेली पट्टी आहे ती. थंडीनं चीर पडली होती. बत्तीस वर्षांत केसभर हललेली नाही."

"चीर ती चीर. किंमत कमी होणारच."

"बाबांच्या कामाला खोट म्हणायची नाही, तोरलाइव."

बोर्गहिल्डबाईंनी चष्मा काढला. "एकवीस वर्षं हेच काम करतेय मी. विकत घेणारी भाव वर चढवतेय आणि विकणारा खाली ओढतोय, असं पहिल्यांदाच बघतेय. तुम्हाला नक्की काय हवंय?"

मग तोरलाइव माझ्याकडेच बघत बोलला, बहिणीकडे नाही.

"थंडी कसली गं. माझ्या हातून झालं ते. एकोणीस वर्षांचा होतो आणि नाचाला जायची घाई. मोठा रूळ साखळीनं उतरवत होतो, तो सुटून चौकटीवर आदळला. बाबा म्हणाले, जा तू, उशीर होईल. सकाळी पाहतो तर पट्टी बसवलेली. आणि गावाला सांगितलं, थंडीनं तडकलं."

मला हे सगळे ठाऊक होते. तो घाव माझ्याच अंगावर पडला होता. पण सांगणार कोणत्या तोंडाने?

ओस्लाउगने फडक्याने पट्टीवरची लांबीची पूड पुसली. "मला कधीच बोलले नाहीत," ती म्हणाली.

"मलाही परत कधी बोलले नाहीत. तेच तर सलतंय."

बाईंनी हातोडीने पट्टीवर, चिरेवर, पुन्हा पट्टीवर टकटक केले आणि कान लावून ऐकले. जोड भक्कम आहे, असे त्या म्हणाल्या. चौकट मात्र फुटलेली आहे, असेही म्हणाल्या. त्यांनी जुना आकडा खोडून नवा लिहिला. मी दोन लाख साठ हजार, बाकीची यंत्रे वीस. एकूण दोन लाख ऐंशी, म्हणजे तीन लाखांच्या आत.

ओस्लाउग खुर्चीत बसली. मग उठली आणि वाफलची बशी भावापुढे सरकवली. "खा. गार झालीय."

मित्रांनो, तोरलाइवने हे बहिणीसाठी केले, की बापासाठी, की स्वतःच्या मनावरचे ओझे उतरावे म्हणून, हे मला अजून उलगडलेले नाही. माझी किंमत ऐंशी हजारांनी उतरली आणि मी आनंदाने थरथरत होते, हेही उलगडलेले नाही. तुम्हाला कळले तर शरदात या आणि मला सांगा. तेव्हा लोकर भरपूर असते.

एक मात्र सांगते. तुमच्या घरी जुने यंत्र असेल तर त्याला तेल घाला, पुसा, हवे तर रंगही द्या. पण त्याच्या डागडुजीवर लांबी फासू नका. ते कुणी मोडले आणि कुणी जोडले, हे कुणाला तरी मोठ्याने सांगून ठेवा.

माझी ती पट्टी ओस्लाउगने पुन्हा रंगवली नाही. हिरव्या अंगावर ती उघडीच आहे. तोरलाइव सुटीला येतो तेव्हा आधी माझ्याकडे येतो, पट्टीवर तळवा ठेवतो आणि मी चालू असेन तर थोडा वेळ तसाच उभा राहतो.