आठ मैल

सकाळच्या गाडीनं मुनीरा कासूहून रोह्याला आली, ती थेट अब्दुलच्या ओटीवर. अब्दुल चौऱ्याहत्तरचा, जन्मभर जहाजावर सुकाणी; आता गुडघे म्हणतील तेवढंच चालणारा. मुनीरा त्याच्या धाकट्या चुलतभावाची, उबेदची बायको. चाळीस वर्षांपूर्वी उबेद अब्दुलच्याच जहाजावरून समुद्रात पडला, तो सापडलाच नाही.

"अब्दुलभाई, माझ्या नातीनं, जिकरानं, फोनातल्या नकाशात ठिपका लावून दिलाय. ते पडले त्या जागेचे आकडे तुम्ही तेव्हा चिठ्ठीत लिहून दिलेले, त्यावरून. कबर नाय, जागा तरी हाय. रोज तिकडं बघून फातिहा पढते. एकदा बघा, जागा तीच ना?"

निळ्या पडद्यावर लाल ठिपका होता. झाकली मूठ सव्वा लाखाची; 'व्हय' म्हटलं असतं तर बाई चहा पिऊन परत गेली असती. पण ती मरेपर्यंत भलत्याच पाण्याकडं बघून दुवा मागणार, हे काही त्याला सोसवेना.

"नाय गो मुनीरा. ती जागा चुकीची हाय."

मग त्यानं सगळं सांगितलं. तेव्हा जहाजांना जागा दाखवणारे उपग्रह मोजून पाच-सहा. एखादा डोक्यावरून गेला की यंत्र जहाजाची खरी जागा सांगे. पुढचा येईपर्यंत, कधी कधी चार-चार तास, आपण भरलेल्या वेगावरून ते अंदाजानं आकडे पुढं ढकलत राही. आकडे मात्र असे रुबाबात चमकत, की अंदाज कुठला आणि खरं कुठलं ते कळू नये. त्या दिवशी बाराचा उपग्रह गेला आणि वारा समोरून आला. जहाज मंदावलं. साहेबानं यंत्रात नवा वेग भरायला सांगितलं. यंत्राला हात लावायला मिळतो म्हणून गावभर मिरवणारा अब्दुल नेमकं तेच विसरला.

चार वाजता त्यानं जहाजाच्या नोंदवहीत आकडे लिहिले. दहा मिनिटांत उपग्रह आला आणि आकडे झटक्यात आठ मैल मागं सरकले. वहीतलं खोडावं तर चूक उघडी पडणार. त्यानं ते तसंच राहू दिलं. साडेपाचला उबेद जहाजावर नाही हे कळलं. चारला मागच्या डेकवर तो शेवटचा दिसला होता, म्हणून कप्तानानं जहाज वळवलं ते वहीतल्या चारच्या जागेवर, म्हणजे खऱ्या जागेच्या आठ मैल पुढं. चिठ्ठीतही अब्दुलनं वहीतलेच आकडे उतरवले होते.

"तेव्हा तरी बोललात का नाय?"

"नोकरी जाईल म्हणून."

कारण एवढंच होतं, आणि ते बोलताना त्याला स्वतःची शिसारी आली.

"ते कुंडलिकेच्या पुरात पोहायचे," मुनीरा म्हणाली. "अंधार पडेस्तोवर तरंगले असते ना?"

"व्हय."

तिनं फोन पुढं केला. "खरी जागा लावा."

आकडे त्याला तोंडपाठ होते. चाळीस वर्षांत एक दिवस ते आठवल्याशिवाय गेला नव्हता. त्यानं ते भरले. ठिपका सरकला, नखाएवढाही नाही.

"आठ मैल म्हणजे किती ओ?"

"समुद्राचे मैल मोठे. इथून नागोठण्यापर्यंत धर."

नागोठणं तिच्या गाडीच्या वाटेवरचंच स्टेशन. तिनं फोन पदरात गुंडाळला आणि चहा तसाच ठेवून ती उठली.

"एवढं तर मी चालत गेले असते, अब्दुलभाई," ती म्हणाली.