पंख्याचा नट

गंगारामचं पत्र येऊन चार वर्षं झाली. मी त्याला उत्तर दिलं नाही. कुणाकडून तरी लिहून घेतलेलं, तीन ओळींचं पत्र होतं. 'भाई, त्या दिवशी माझं नेमकं काय चुकलं? तुम्ही जवळ उभे होता. दिसलं असेल तर कळवावं.' दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

मालवणजवळच्या कट्टा गावात एका शेटच्या लॉऱ्यांच्या गॅरेजात मी कारकून होतो आणि मसुऱ्याचा गंगाराम तिथे मेस्त्री. खाऱ्या वाऱ्याने गंजलेले नट सोडवावेत ते त्यानेच. रॉकेल पाजायचा, हातोडीने हलके ठोकायचा, कान लावून ऐकायचा. "उठता हा," म्हणाला की नट फिरलाच.

त्रेसष्ट सालच्या मे महिन्यात नवी लॉरी आंब्याच्या पेट्या भरून दारात अडकली. पाण्याचा पंप गळत होता. तो काढायचा तर आधी पंखा काढायला हवा. या लॉरीचा पंखा एका मोठ्या नटाने बसवलेला. लॉरीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक माझ्या टेबलात होतं. छापलेलं काहीही मी वाचतो, तसं तेही वाचलं होतं. त्यात होतं, या नटाचे आटे उलटे आहेत. इतर नट ज्या बाजूला आवळतात त्या बाजूला हा सुटतो.

मी पुस्तक घेऊन बाहेर गेलो. गंगाराम नेहमीच्या बाजूने जोर लावत होता.

"इले पंडित!" शिवा ड्रायव्हर ओरडला. "गेल्या खेपेक पान्यांची पेटी खंय आसा ता बुकात शोधी होते. आणि बसलले तेच्यारच!"

सगळे हसले. गंगारामही हसला, पण हात थांबवून म्हणाला, "गप रे शिवा. बोला भाई, काय म्हणता तुमचा बुक?"

माझं इंग्रजी कितीसं. चुकून भलतंच वाचलं असेल तर?

"काही नाही," मी म्हणालो. "पेट्या किती आहेत ते विचारायला आलो."

"ऐंशी!" शेट पेढीवरून गरजले. "आणि सगळे हयच पिकान पाणी होतले!"

"शिवा, पायप घाल पान्यात," गंगाराम म्हणाला.

पान्याच्या दांड्यावर पाइप चढवून दोघांनी मिळून ओढलं. दर हिसक्याला नट अधिकच आवळत होता. ते मला दिसत होतं. पुस्तक मी छातीशी धरलं होतं, बोट त्याच पानात होतं. ओढता ओढता पाना निसटला. गंगारामचा हात पंख्याच्या पात्यात आणि रेडिएटरमध्ये सापडला. तो ओरडला नाही. हात बाहेर काढून त्याने पाहिला आणि म्हणाला, "हात चुकलो."

मालवणला दवाखान्यात दोन बोटं कापावी लागली. लॉरी ओढत कोल्हापूरला नेली, दुरुस्त होऊन आली. नट कसा सुटला ते तिथे कुणी विचारलं नाही. शेट गंगारामला म्हणाले, "बसान नुसता सांगत रव." तो राहिला नाही.

पत्राला उत्तर लिहायला मी किती वेळा बसलो. 'नट गंजलेला होता' असं लिहायचो आणि फाडायचो. खरं लिहिलं असतं, तर मी पुस्तक घेऊन तिथे काय करत होतो हेही त्याला कळलं असतं.

परवा बाजारात त्याची बायको सत्यवती भेटली.

"भाई, वळाकलात मां?"

"कसो आसा गंगाराम?"

"बरे आसत. शेतात जातत. पण शेजाऱ्याचो पंप बंद पडलो, माणसा बोलवूक इली, तर उठाक नायत. माझो हात चुकता म्हणतत. कंदिलाची वात चढवची तरी माका हाक मारतत, फिरकी खंयच्या बाजून फिरवूची म्हणान."

मी जायला निघालो.

"तुमचो जबाब नाय इलो," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "ते म्हणतत, भाई भलो माणूस. माझी चूक लिवाक तेंच्या जिवार इला आसतला."

मी तसाच पोस्टात गेलो. पाकीट मागणार होतो, पण कार्ड घेतलं. मसुऱ्याला टपालवाला कार्ड दारात उभा राहून मोठ्याने वाचतो. आजूबाजूची माणसं ऐकायला येतात. खिडकीच्या फळीवर लिहिलं.

'गंगाराम, तुझा हात चुकला नाही. नटाचे आटे उलटे होते. ते मी आधी वाचलं होतं आणि लाजेपोटी बोललो नाही.' खाली पूर्ण नाव लिहिलं.

लवू टपालवाला पेटी रिकामी करत होता. कार्ड त्याच्याच हातात दिलं. सवयीप्रमाणे तो ओठ हलवत वाचू लागला. मधेच ओठ थांबले. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी तिथेच उभा राहिलो.

त्याने शिक्का मारला, कार्ड मसुऱ्याच्या थैलीत टाकलं आणि नाडी बांधली.