एका पेशीची नोंद

११.४०. तिसरी पेशीही आकसून गोळा झाली.

"लॅक्टेट घातलं?" प्रकल्पप्रमुख योगेंद्र सरांनी दारातूनच विचारले.

"नाही सर. त्याआधीच मेली."

"आज पाचला प्रकल्प बंद, रूपाली. महिनाभर नुसते उंदीर मारतेयस तू."

खरेच होते.

प्रश्न एवढाच: लॅक्टेट हृदयाच्या पेशीत शिरताना सोबत आम्ल घेऊन येते, पेशी ते बाहेर कसे टाकते? बघायला पेशी वीस मिनिटे जगावी लागते. देवपूरच्या या कॉलेजात ती चार मिनिटे जगत होती.

उंदीर बदलले. पाणी बदलले. क्षार बदलले. स्वतःला बदलायचे राहिले.

१२.०५. काचपात्रात द्रावणाचा पीएच ७.४. बरोबर.

१२.१५. तेच द्रावण, बाटलीत ओतल्यावर: ८.१.

बाटलीत!

"अक्का!"

काचसामान धुणाऱ्या भिकुबाई पदराला हात पुसत आल्या.

"बाटल्या कशानं धुता?"

"राखवरी. केयना खांबनी राख शे, मना माहेरनी, शिरपूरकडनी. महिना व्हयना, साबन सरी गया. दख, कश्या चमकी ऱ्हायन्यात!"

केळीच्या खांबाची राख. कडक अल्कली, वर पोटॅशियम. हृदयाची पेशी थांबवायला दोन्ही पुरेसे.

"अहो, मला विचारायचं तरी!" रूपाली किंचाळलीच.

"कशी इचारू माय? तू तं कोनशी बोलसच नहीं."

३.५०. नवी बाटली. सकाळी काचपात्रातच राहिलेल्या पेशींतली एकच धडधाकट उरलेली. विजेच्या टिचकीसरशी आखडते, सैलावते.

लॅक्टेट.

पेशीच्या आतला पीएच ७.२. ७.१. ६.९. आम्ल चढत होते.

६.९.

६.९.

७.०.

टाकतेय. बाहेर टाकतेय!

"माले दखू दे ना." अक्कांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. "ओ माय! जीव शे याले!"

४.४०. सरांनी आलेख पाहिला. "छान. पण एका पेशीवर कोण छापेल? दहा तरी हव्यात. आधीच्या का मेल्या, लिहून दे. चूक कोणाची, नावासकट."

रूपालीने लिहिले: साबणाचा मागणीअर्ज महिनाभर कार्यालयात पडून होता. द्रावण बाटलीत ओतल्यावर मी तपासले नाही. खाली सही केली.

सरांनी कागद वाचला, घडी करून खिशात टाकला.

पाच वाजता शिपाई बटणे बंद करायला आला. रूपालीने त्याला हातानेच थांबवले.

अक्कांचा डोळा अजून भिंगावरून हलला नव्हता.