टेबलाखालचे चकचकीत स्क्रू

लाकूड हलतं. एवढी साधी गोष्ट आहे. हवा दमट झाली की फुगतं, कोरडी पडली की आक्रसतं, आणि लोखंड मात्र ढिम्म. म्हणून लोखंडी चौकटीवर लाकूड बसवताना चौकटीच्या पट्टीला गोल भोक पाडायचं नाही, लांबट पाडायचं. बोल्ट त्या भोकात जरा सरकतो आणि लाकडाला हलायला जागा मिळते. आमच्या कारखान्यात झाडलोट करायला येणाऱ्या मावशींनासुद्धा हे ठाऊक आहे. माझ्या थोरल्या भावाला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसणं गुन्हा नाही, पण न विचारता शहाणपणा करणं आहे, आणि हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन.

आमचा धंदा म्हणजे जुन्या गिरणीतून उचलून आणल्यासारखं दिसणारं फर्निचर हाताने बनवायचं. लोखंड माझ्याकडे, लाकूड बाबांकडे. मी कापते, वेल्डिंग करते, ग्राइंडरने घासते, मग मुद्दाम गंज चढवून त्यावर मेण चोळते. बाबा पाडलेल्या गोदामांच्या तुळया आणून त्यांच्या फळ्या काढतात, रंधा मारतात, पण खिळ्यांची जुनी भोकं आणि काळे डाग तसेच ठेवतात. गिऱ्हाईक नेमकं त्या डागांवरून हात फिरवतं आणि खूश होतं.

दादा आमच्यात आला तो फ्रीज विकणाऱ्या आणि बसवून देणाऱ्या कंपनीतली नोकरी सोडून. साहेबाशी वाजलं होतं. वहिनी म्हणाली, घरचाच धंदा आहे की, तोच बघा. तो आला त्या दिवशी बाबांनी कारखान्यात स्वतःच्या हाताने खुर्ची पुसून ठेवली. मी इतकी वर्षं तिथे राबतेय, माझ्यासाठी कुणी साधं स्टूलही पुसलं नव्हतं. तरी मी गप्प बसले, म्हटलं जाऊ दे, घरात शांतता हवी.

मग कॅफेवाल्या बाईंचं लांब टेबल आलं. बाबांनी त्याच्यावर जीव ओतला होता. फळ्या जुळवताना डागाला डाग लागेल अशा उलटसुलट करून पाहिल्या, जेवायला हाक मारली तर ऐकूही येईना. टेबल पोचवलं, बाई खूश झाल्या, आणि उन्हाळा लागल्यावर बाईंचा फोन आला. वरच्या फळीला मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत चीर गेली होती. साखरेची पुडी उभी आत जाईल एवढी.

मी तेव्हा कामात होते म्हणून दादा बघायला गेला. परत आला तो निकाल घेऊनच. रात्री जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला की बाबांनी ओलं लाकूड वापरलं, आता वय झालंय, नजर पोचत नाही, बाईंनाही त्याने तसंच सांगितलंय. इथून पुढे बाबांनी घरी आराम करावा आणि लाकडाचं काम बाहेर, मशीनवाल्यांकडे द्यावं. वहिनीने मान डोलावली. बाबांनी ताटातलं संपवलं आणि हात धुवायला उठले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओलं लाकूड! ज्या तुळया आमच्या जन्माआधीपासून छपराखाली वाळत होत्या, त्या ओल्या? आणि बाबांनी घरी बसून करायचं काय? रंध्याचा आवाज बंद झाला तर तो माणूस महिन्याभरात अंथरूण धरेल, हे या घरात कुणालाच कसं दिसत नव्हतं?

दुसऱ्या दिवशी मी तडक कॅफे गाठला. बाईंना म्हटलं, माफ करा, पण मला टेबलाखाली शिरायचंय. लोक कॉफी पीत होते, मी त्यांच्या पायांशी पाठीवर आडवी झाले. वर पाहिलं आणि डोकंच फिरलं. माझी लांबट भोकं जागेवर, त्यांतले काळे केलेले बोल्ट जागेवर, आणि प्रत्येक बोल्टच्या शेजारी पट्टीला नवं गोल भोक पाडून ठोकलेला एकेक चकचकीत स्क्रू. असले स्क्रू आमच्या कारखान्यात येतच नाहीत. दादाच्या गाडीत मात्र डबाभर असतात, फ्रीज बसवायच्या दिवसांपासूनचे.

मला लगेच कळलं काय झालं असेल ते. लांबट भोक बघून आमच्या दादासाहेबांना वाटलं असणार की बहिणीच्या हातून ड्रिल घसरलं. म्हणून त्यांनी माझी चूक गुपचूप दुरुस्त केली! लाकूड दोन्ही बाजूंनी जखडून टाकलं. कॅफेतल्या एसीच्या कोरड्या हवेत ते आक्रसायला लागलं, सरकायला जागा नाही, मग फाटणार नाही तर काय होणार?

बाईंना मी तिथल्या तिथे खरं काय ते सांगितलं आणि टेबल परत न्यायचं कबूल केलं. मग कारखान्यात आले. बाबा आपली हत्यारं तेल लावून फडक्यात गुंडाळत होते. बांधाबांध चालली होती. मी त्यांना एका दमात सगळं सांगितलं, स्क्रू, भोकं, दादाचा प्रताप. वाटलं, आता उठतील, चिडतील.

ते फडक्याची गाठ मारत म्हणाले, "ठाऊक आहे मला. टेम्पोत चढवताना बघितले होते स्क्रू."

मला आधी कळेचना. टेबल फाटणार हे ठाऊक असून त्यांनी ते जाऊ दिलं? एक पाय जरा आखूड पडला म्हणून तयार टेबल परत उघडणाऱ्या माणसाने?

"मग बोलला का नाहीत?"

"त्याने पहिल्यांदाच आपणहून काहीतरी हातात घेतलं होतं गं. खूश होता. टोकलं असतं तर उठून गेला असता."

"आणि मी? माझं पहिलं स्टूल तुम्ही सगळ्यांसमोर ग्राइंडरने कापलं होतं. परत जोडायला लावलंत, परत कापलंत. मी रडत होते तरी थांबला नाहीत."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी सहज, बाजारभाव सांगावा तसं म्हणाले, "तू कुठे जाणार होतीस?"

यापेक्षा दादावरचा राग परवडला. दादा अडाणी आहे, पण बाबांना सगळं कळत होतं. लेक चिवट आहे म्हणून तिला तासायचं, मुलगा नाजूक आहे म्हणून त्याच्यासाठी स्वतःची अब्रू घालवायची, वर हत्यारं गुंडाळून घरी बसायचं! मी ती गाठ त्यांच्या हातातून ओढून सोडली. म्हटलं, उद्या टेबल इथे येईल. दादा स्वतः आडवा होऊन एकेक स्क्रू काढेल, आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर उभे राहून त्याला बोलाल. मला बोलायचात तसंच, एक शब्द कमी नको. नाहीतर मी जाते, आणि मी कुठे जाऊ शकते ते मग बघा.

टेबल आलं. मी दादाला खाली शिरायला लावलं, स्क्रू आणि भोकं बोटाने दाखवली आणि लाकूड का फाटलं ते सांगितलं. त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने बाह्या सरसावल्या आणि स्क्रू काढायला लागला. बाबा शेजारी येऊन उभे राहिले. घसा खाकरला. मी हातातलं काम टाकून बघत होते. आयुष्यात एकदा तरी मला ते ऐकायचं होतं.

"सावकाश हं बाळा," बाबा म्हणाले. "हाताला लागेल."

मग मान वळवून माझ्यावर कडाडले, "आणि तू काय तमाशा बघतेयस? धर ते टोक! चीर जुळवायचीय, कुणी सांगायला हवं का तुला?" बोलता बोलता त्यांनी फडक्यातून रंधा बाहेर काढला.

मी टोक धरलं. संताप मावत नव्हता, पण फळी तसूभरही हलू दिली नाही.